आधी कुंडी उचलून बघा

ऑफिसातली झाडं पाण्यावाचून मरतात, असा आपला सगळ्यांचा समज. मी आजवर मरायला टेकलेली जेवढी झाडं कुंडीतून उपसली, त्यांतली बहुतेक पाण्यानंच गेली होती. झाड सगळ्यांचं असतं ना! सकाळी एक जण तांब्याभर घालतो, दुपारी दुसरा बाटलीत उरलेलं ओततो, संध्याकाळी कुणाचा तरी गार झालेला चहाही तिथंच जातो. आणि बाहेरच्या शोभेच्या कुंडीला बुडाशी भोक नाही.

आता खरी पंचाईत ऐका. तहानलेलं झाड आणि पाण्यात बुडालेलं झाड, दोन्ही सारखीच मान टाकतात. मुळं कुजली की ती पाणी वर चढवू शकत नाहीत, पानं लुळी पडतात, आणि ती बघून कुणीतरी दयाळू माणूस आणखी पाणी घालतो. म्हणून पाणी घालण्याआधी कुंडी उचला. हलकी लागली, माती कडेनं सुटलेली दिसली, तर झाड तहानलेलं आहे. त्यावर वरून पाणी ओतू नका. पार वाळलेली माती पाणी पटकन धरत नाही, ते कडेनं खाली निघून जातं. कुंडी अर्धा तास पाण्याच्या टबात ठेवा. पीस लिली असेल तर काही तासांत उभी राहील. पण कुंडी जड असेल, कुबट वास येत असेल, तर झाड बाहेर काढा. घट्ट, फिकट मुळं ठेवा. काळी, दाबली की साल हातात येणारी मुळं छाटून टाका.

झाड ओळखायला हवं, कारण प्रत्येकाची तहान वेगळी. खोडावर गळलेल्या पानांच्या गोल खुणा दिसल्या तर ते बहुधा ड्रसीना. तलवारीसारखी उभी, जाड पानं म्हणजे स्नेक प्लांट. त्यालाही २०१७ साली शास्त्रज्ञांनी ड्रसीनाच्याच कुळीत नेऊन बसवलं. झाडाला त्याचं काही नाही. त्याला पाणी कमीच लागतं.

एकदा मला झेरॉक्स मशीनमागे एक झीझी प्लांट सापडला. दांड्या पिवळ्या पडून आडव्या झालेल्या, कुंडीत स्टेपलरच्या पिना. 'टाकूनच द्या,' असं सगळ्यांचं मत पडलं. मी माती उकरली, तर खाली बटाट्यासारखे कंद, बोटानं दाबले तरी टणक. हे झाड आपलं पाणी तिथं साठवून ठेवतं. वरचं वाळलेलं कापलं, नवी भुसभुशीत माती घातली आणि कुंडी खिडकीजवळ ठेवली, थेट उन्हात मात्र नाही. अंधारातून एकदम उन्हात नेलं की पानं करपतात. खतही घातलं नाही. आजाऱ्याला कुणी पक्वान्न वाढतं का? जवळपास अडीच महिने काहीच हललं नाही. मग एके दिवशी पेनाच्या टोपणाएवढा हिरवागार कोंब वर आलेला दिसला.

त्या कुंडीवर मी एक चिठ्ठी चिकटवली होती: 'पाणी फक्त लेखा विभागातल्या ताई घालतील.' ताई महिन्यातून दोनदाच घालायच्या, तेही कुंडी उचलून बघून.