दोन ऋतूंमधली फियाट

(दृश्य : पुणे, डिसेंबरची पहाट. पत्र्याच्या शेडखाली सुती आच्छादनाने झाकलेली मोटार.)

सकाळचे सव्वासहा वाजले आहेत आणि पारा दहा अंशांच्या खाली उतरला आहे. आच्छादन बाजूला केल्यावर जी गाडी दिसते, ती १९६८ सालची फियाट ११०० डिलाइट आहे. माझ्या वडिलांनी ती जुनी म्हणून विकत घेतली, तेव्हा मी शाळेत होतो. आज तिचे वय माझ्या जवळपास आहे आणि तिची देखभाल माझ्याकडे आहे.

चोकची घुंडी पूर्ण बाहेर ओढून सेल्फ दिला, की इंजिन पहिल्या झटक्यात क्वचितच धरते. गाडी आठवडाभर उभी राहिली असेल, तर कार्बोरेटरच्या (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाच्या) फ्लोट चेंबरमधले, म्हणजे त्याच्या छोट्या साठवणीतले, पेट्रोल उडून गेलेले असते, आणि पंप इंजिनाच्याच फिरण्यावर चालत असल्यामुळे तो टाकीतून पेट्रोल ओढून आणेपर्यंत सेल्फला थोडा जास्त वेळ कष्ट करावे लागतात. शिवाय इंजिनात पेटते ती पेट्रोलची वाफ, आणि थंडीत ती सहज होत नाही. म्हणून चोक हवेच्या मानाने जास्त पेट्रोल आत सोडतो. इंजिन धरल्यावर मात्र ही घुंडी थोडी थोडी आत ढकलत जायची असते, कारण न पेटलेले जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरचे तेल धुऊन नेते आणि खाली ऑइलमध्ये मिसळून ते पातळ करते. चोक विसरून गप्पा मारत उभे राहण्याची सवय या इंजिनाला फार महागात पडते.

युरोपातल्या आणि उत्तर अमेरिकेतल्या थंड प्रदेशांत बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकतात. ते पत्रा खाते, म्हणून तिकडचे हौशी लोक हिवाळा आला की जुनी गाडी गॅरेजमध्ये बंद करून ठेवतात. आपल्याकडे हे चक्र अगदी उलटे आहे. पावसाळ्यात ओलाव्यामुळे गाडी बाहेर काढवत नाही आणि एप्रिल-मेमध्ये इंजिनाला उष्णता सोसवत नाही. दसरा ते होळी हे साधारण पाच महिनेच या गाडीचे खरे महिने. ते हातात असताना तिला झाकून ठेवणे म्हणजे तिचे आयुष्य वाढवणे, असे पुष्कळांना वाटते. माझा अनुभव तसा नाही.

(दृश्य : दसरा. बॉनेटवर झेंडूची माळ. मग गाडी जॅकवर.)

आमच्या घरी दसऱ्याला गाडीची पूजा होते आणि दुसऱ्या दिवशी ती जॅकवर चढते. हिवाळ्याची तयारी म्हणजे पावसाने मागे काय ठेवले, याचा शोध. पुण्याच्या पावसात गाडी भिजली नसली, तरी चार महिन्यांची दमट हवा दारांच्या पोकळीत आणि मॅटखाली साचून राहते. दाराच्या खालच्या कडेला पाणी वाहून जाण्यासाठी बारीक भोके असतात. ती धुळीने बुजली, की दार आतून सडू लागते आणि बाहेरच्या रंगाला फुगवटा येईपर्यंत कोणाला पत्ता लागत नाही. म्हणून ती भोके तारेने मोकळी करणे हे माझे पहिले काम. त्यानंतर सगळ्या मॅट काढून पत्र्यावर बोटाने दाबत जायचे, डिकीतले स्टेपनीखालचे खोलगट भांडे कोरडे करायचे, चाकांवरच्या कमानींना आतून चिकटलेला चिखल खरवडायचा. गंजाचा डाग सापडला तर तो पांढऱ्या पत्र्यापर्यंत घासून त्यावर रेड ऑक्साइड हा गंज रोखणारा लाल रंग मारावा. सडलेल्या जागी नुसती लांबी (पुट्टी) भरून वरून रंग दिला, की दोन पावसाळ्यांत तीच जागा दुप्पट होऊन परत येते. तो पत्रा कापून नवा जोडणे हाच उपाय आहे, आणि असे जोडकाम करणारे हात शहरात कमी होत चालले आहेत, याचे मला मनापासून वाईट वाटते.

उंदरांची गोष्टही याच वेळी उघडकीला येते. थंडी सुरू झाली, की एअर फिल्टरच्या डब्यासारखी उबदार जागा त्यांना दुसरी मिळत नाही. एका वर्षी त्या डब्यात वाळलेले गवत आणि सीटमधला काथ्या नीट रचून ठेवलेला सापडला होता. न बघता सेल्फ मारला असता, तर त्यातले बरेचसे कार्बोरेटरच्या तोंडाशी गेले असते.

ब्रेकबद्दल मात्र मला थोडे सविस्तर सांगायचे आहे. या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत आणि पेडलचा दाब ब्रेक ऑइलमार्फत चाकांपर्यंत जातो. हे ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते. ओलावा जितका जास्त, तितके ते कमी तापमानाला उकळते, आणि उकळून त्यात वाफेचे बुडबुडे झाले, की पेडल दाबल्यावर चाकांवर दाब पडण्याऐवजी ते बुडबुडेच दाबले जातात. काही वर्षांपूर्वी जानेवारीत सासवडहून परतताना दिवे घाट उतरत होतो. अर्धा घाट उतरलो, खाली मस्तानी तलाव दिसू लागला, आणि नेमके तेव्हा पेडल पायाखाली स्पंजासारखे मऊ झाले. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये होती, म्हणून इंजिनाने तिला धरून ठेवले. कडेला थांबून पाऊण तास ड्रम निवू दिले. त्या ऑइलला तीन पावसाळे होऊन गेले होते आणि बदलायचे राहून गेले होते, ही चूक सर्वस्वी माझी होती. तेव्हापासून मी दर दोन वर्षांनी, पाऊस संपल्यावर, सगळे ब्रेक ऑइल काढून नवे भरतो आणि चारही चाकांचे सिलिंडर उघडून रबर बघतो. घाट ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरायचा, हा वडिलांचा नियमही मी त्या दिवसापासून मोडलेला नाही.

(दृश्य : इंजिन जवळून. फट मोजायच्या फीलर गेजची पाती.)

हे इंजिन १०८९ सीसीचे, चार सिलिंडरचे आहे. इटलीत ११०० या मालिकेची ही घडण १९५३ मध्ये आली. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांच्या उद्योगसमूहातली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी १९४४ मध्ये स्थापन झाली. तिच्या मुंबईतल्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून डिलाइट तयार होऊ लागली आणि १९७४ पासून तिचेच नाव पद्मिनी झाले. या इंजिनाची रचना इतकी उघड आहे, की बॉनेट उचलल्यावर प्रत्येक भाग ओळखता येतो आणि बहुतेक भागांपर्यंत हातही पोहोचतो. ठिणगीची वीज एकेका सिलिंडरला वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत ओल धरली असेल, तर ती कोरड्या फडक्याने पुसावी. त्याच्या आतल्या, ठिणगीसाठी वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या पॉइंटमधली फट अर्ध्या मिलिमीटरहून थोडी कमी ठेवावी. ही दोन कामे नीट झाली, की थंडीतल्या सकाळच्या निम्म्या तक्रारी संपतात.

टॅपेट सेटिंगच्या, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांमधली फट ठरवण्याच्या, बाबतीत मला एका वृद्ध मेकॅनिक काकांनी शिकवलेली गोष्ट सांगितली पाहिजे. नवीन मालक टॅपेटचा टकटक आवाज बंद व्हावा म्हणून फट कमी करायला सांगतात. काका म्हणायचे, “बोलणारा टॅपेट चालेल, बाळ, गप्प बसलेला नको.” त्यामागचे कारण पक्के आहे. जळालेला वायू बाहेर सोडणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली उष्णता मुख्यतः बैठकीवर टेकल्यावर सोडतो. फट फारच कमी केली, तर तापल्यावर तो पुरता टेकत नाही आणि कडेने जळू लागतो.

ऑइलसाठी मी मिनरल प्रकारचे, २०डब्ल्यू-५० या दाट प्रतीचे वापरतो, आणि ते वर्षातून एकदा, हिवाळ्याच्या सुरुवातीलाच बदलतो, मग गाडी कितीही कमी चालली असो. रेडिएटरमध्ये पाणी गोठण्याची भीती पुण्यात नाही, म्हणून लोक नळाचे पाणी भरून मोकळे होतात. पण त्या पाण्यातले क्षार आतल्या नळ्यांमध्ये थर धरतात आणि लोखंड गंजते. कूलंट घालायचे ते या गंजासाठी.

आता एका चांगल्या हेतूने होणाऱ्या नुकसानीबद्दल. पुष्कळ मालक रोज सकाळी पाच मिनिटे गाडी जागेवरच चालू ठेवतात आणि बंद करतात. पेट्रोल जळताना पाणी तयार होते. इंजिन पुरेसे तापले तर ते वाफेच्या रूपाने बाहेर पडते. पाच मिनिटांत मात्र ते सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये साचून राहते. सायलेन्सर आतून कुजतो, ऑइल आम्लधर्मी होते आणि सेल्फने खर्च केलेली वीज बॅटरीत परत भरलीही जात नाही. त्यापेक्षा पंधरा दिवसांतून एकदा पंचवीस-तीस किलोमीटर चालवावे. इंजिन धरल्यावर मिनिटभरात हळूच निघावे आणि तापमानाचा काटा जागेवर येईपर्यंत जोर लावू नये.

(दृश्य : सासवड रस्ता. धुके. स्टिअरिंगवरचा गिअर बदलणारा हात.)

या गाडीत हीटर नाही. समोरच्या काचेवर आतून बाष्प धरले, की दाराच्या पुढच्या भागातली त्रिकोणी काच दोन बोटे उघडायची. गार वारा थेट मनगटावर येतो आणि काच हळूहळू स्वच्छ होते. गिअर स्टिअरिंगलाच असल्यामुळे पुढची सीट सलग आहे. मधल्या जागेत लहानपणी मी बसायचो, आता माझी नात बसते. दिवे घाट चढताना तापमानाचा काटा मधोमध स्थिर राहतो. मे महिन्यात हाच चढ दोनदा थांबून चढावा लागतो. जेजुरी मागे टाकून नीरेच्या दिशेने निघालो, की उसाने भरलेल्या ट्रॉल्या भेटू लागतात. त्यांच्या मागे तिसऱ्या गिअरमध्ये, ताशी वीस-पंचवीसच्या वेगाने जाताना या गाडीला कधीच घाई नसते. शेकोट्यांचा धूर आणि गुऱ्हाळावरच्या काकवीचा वास उघड्या काचेतून आत येतो.

त्याच उसाचा या गाडीच्या पोटाशी एक वेगळाही संबंध आहे. साखर कारखान्यांत तयार होणारे इथेनॉल आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत मिसळले जाते. शेतकऱ्याला त्याचा फायदा होतो, हे मी जाणतो. परंतु १९६८ मध्ये बनवलेल्या रबराला हे मिश्रण सोसत नाही. पेट्रोलच्या नळ्या फुगतात, पंपाचा पडदा कडक होऊन चिरतो. इथेनॉल पाणीही शोषते, आणि ते प्रमाणाबाहेर गेले की पाणी आणि इथेनॉलचा वेगळा थर टाकीच्या तळाशी बसून पत्र्याला गंज लावतो. उभ्या गाडीत हा धोका सर्वांत मोठा. मी सगळ्या नळ्या आणि पंपाचा पडदा इथेनॉल सोसणाऱ्या व्हायटन रबराचे करून घेतले आहेत. इथेनॉलमुळे मिश्रणात हवा गरजेपेक्षा जास्त होते, म्हणून कार्बोरेटरचा मुख्य जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारे छिद्र, किंचित मोठा बसवला आहे. जुने पेट्रोल टाकीत महिन्याहून अधिक काळ राहू देत नाही. तेवढ्यासाठी तरी गाडी बाहेर काढावी लागते.

सुटे भाग ही यापुढची काळजी आहे. मुंबईत हजारो काळ्या-पिवळ्या टॅक्सी पद्मिनी होत्या, तोवर त्यांच्या मागणीमुळे पंप, किंगपिन (पुढची चाके ज्यावर वळतात ती खीळ), क्लच प्लेट सहज मिळत. वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ अखेर शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. आता पुण्यात नाना पेठेतल्या दुकानांत फिरताना जे हाती लागेल ते मी घेऊन ठेवतो, आजच लागणार नसले तरी. कायद्याने मात्र थोडा आधार दिला आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात जपलेली खासगी गाडी ‘व्हीए’ अक्षरांच्या विशेष क्रमांकाने नोंदवता येते. अशा गाडीला प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे आणि देखभाल अशा मोजक्या कारणांसाठीच रस्त्यावर येता येते. मी अजून ती नोंद केलेली नाही, कारण मग नातीला घेऊन जेजुरीला जाता येणार नाही.

(दृश्य : मार्च. दुपार. रस्त्याच्या कडेला उघडे बॉनेट.)

होळी झाली, की एखाद्या दुपारी सिग्नलला उभी असताना गाडी आचके देऊ लागते. तापलेल्या इंजिनाशेजारच्या पंपात पेट्रोलचीच वाफ अडकलेली असते. टॅक्सीवाले त्या पंपावर ओले फडके टाकत, आणि मीही तेच करतो. ते फडके डिसेंबरभर डिकीत, जॅकशेजारी घडी करून ठेवलेले असते. आज ते बाहेर आले आहे. नात बाटलीतले पाणी त्यावर ओतते आहे, आणि पंप गार होईपर्यंत आम्ही दोघे फुटपाथच्या सावलीत उभे आहोत.