तळं कूस बदलतं तेव्हा

नमस्कार मंडळी. माझं गाव मालवणजवळ. गळाने मासे धरण्याला आमच्याकडे 'गरवणं' म्हणतात. खाडीच्या कडेला गरी टाकून बसण्यात माझं सगळं लहानपण गेलं. पुढे नोकरीने अमेरिकेत आणलं आणि आता मी जॉर्जिया राज्यात, अटलांटाच्या उत्तरेला, लेक लॅनिअरजवळ राहतो. इथल्या पानगळीच्या दिवसांत बास नावाचा मासा कसा गरवतात, ते आज तुम्हाला सांगायचं आहे.

लॅनिअर हे धरणाचं पाणी. चॅटाहूची नदीवर ब्युफर्ड धरण बांधलं आणि १९५६ साली पाणी अडवायला सुरुवात झाली. पसारा सुमारे ३८,००० एकर. खाली शेतं गेली, रस्ते गेले, उभी झाडं गेली. कोयनाकाठच्या माणसाला हे वेगळं समजवायला नको. नदीला मिळणारे जुने ओढेही पाण्याखाली जसेच्या तसे आहेत, आणि पानगळीत सगळा खेळ या ओढ्यांचा असतो.

उन्हाळ्यात तळ्याचे दोन थर होतात. वर गरम, हलकं पाणी आणि खाली गार, जड पाणी. ते एकमेकांत मिसळत नाहीत, त्यामुळे खालच्या थरातला प्राणवायू हळूहळू संपत जातो. ऑक्टोबर सरता सरता रात्री गार होतात, वरचं पाणी निवतं, जड होतं आणि खाली बुडायला लागतं. वारा सुटला की वरचं खाली, खालचं वर. मी याला तळं कूस बदलतं म्हणतो. त्या दिवसांत पाण्याला तपकिरी छटा येते, कुजका वास येतो, कचरा तरंगतो. आणि मासा उन्हाळ्यातल्या आपल्या जागा सोडून जातो.

माझ्या पहिल्याच वर्षी मी नेमका इथे फसलो. जुलैत ज्या खडकाळ टोकावर मासे मिळाले होते, तिथेच लागोपाठ तीन शनिवार गेलो. एक मासा नाही. होडी पाण्यात सोडायच्या उतारावर एक म्हातारे गृहस्थ भेटले. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "शॅड कुठे आहे ते बघितलंस का?" शॅड म्हणजे बोटाएवढी चंदेरी मासळी, आपल्या तारलीची लांबची नातेवाईक. पाणी निवायला लागलं की तिचे थवे ओढ्यांत आत आत शिरतात, आणि बास त्यांच्या मागे जातो. तेव्हापासून मी गरी टाकण्याआधी अर्धा तास नुसतं पाणी बघतो. कुठे बारीक उडी दिसते, बगळा कुठे टपून बसलाय, पृष्ठभागावर पावसाचे थेंब पडावेत तशी थरथर कुठे आहे. हा अर्धा तास फुकट जात नाही.

मासा ओढ्यात आहे एवढं कळलं तरी ओढा मैलभर लांब असतो. म्हणून आधी क्रँकबेट. हा लाकडाचा किंवा प्लॅस्टिकचा पोटफुगा मासा, तोंडाशी एक पारदर्शक जीभ. दोरा गुंडाळू लागलं की ती जीभ पाणी कापते आणि मासा थरथरत खाली बुडी मारतो. गुंडाळणं थांबवा, तो आपला वर तरंगायला लागतो. टेनेसीतले फ्रेड यंग बाल्सा लाकूड कोरून असे मासे हाताने घडवायचे. 'बिग ओ' हे त्या आमिषाचं नाव. पुढे कॉटन कॉर्डेल यांनी ते प्लॅस्टिकमध्ये काढलं आणि घरोघरी पोचवलं.

नव्या माणसाला वाटतं, आमिष कुठे अडकू नये, मोकळ्या पाण्यातून फिरावं. खरं तर ते आदळायलाच हवं. मी पडलेल्या झाडाच्या पलीकडे फेकतो आणि खोडाच्या दिशेने ओढत आणतो. जीभ लाकडावर आपटली की काठीतून मुठीत 'टक' येतं. त्या क्षणी गुंडाळणं थांबवायचं. आमिष मागच्या मागे वर उठतं, एखादा घाबरलेला शॅड गोंधळावा तसं. तडाखा बहुतेक वेळा तेव्हाच बसतो. हिसका मात्र द्यायचा नाही. गळ बारीक, तीन टोकांचे असतात, हिसक्याने मासा सुटतो. काठी नुसती एका बाजूला झुकवायची आणि गुंडाळत राहायचं.

एक-दोन मासे एकाच जागी लागले की क्रँकबेट ठेवून देतो आणि जिग काढतो. शिशाचं डोकं, त्यात एकच मोठा गळ, भोवती रबरी झालर, मागे दोन नांग्यांचं मऊ शेपूट. अर्ध्या औंसाचं, म्हणजे १४ ग्रॅमचं, तपकिरी-हिरवं जिग मला पुरतं. तळाशी सरपटणारा क्रॉफिश, म्हणजे गोड्या पाण्यातलं शेवंडासारखं एक छोटं जनावर, त्याची ही नक्कल. इथला काठ लाल मातीचा, अगदी आमच्या कोकणातल्यासारखा, म्हणून कधी नारिंगी छटेचं शेपूटही लावतो.

जिगला घाई चालत नाही. धक्क्याच्या खांबाशी सोडायचं आणि दोऱ्यावर नजर ठेवायची. ते बुडताना दोरा मध्येच थांबला, किंवा बाजूला सरकला, तर मासा आला. कधी काहीच झटका बसत नाही, उचलून बघावं तर ओलं पोतं उचलल्यासारखं नुसतं जड लागतं. इथे मात्र जोरात हिसका द्यायचा, कारण जाड गळ कडक जबड्यात रुतायला हवा. सुरुवातीला माझ्या हातून पुष्कळ मासे सुटले, दगडाचं जड आणि माशाचं जड यातला फरक कळेना. दगड निश्चल असतो. मासा किंचित मऊ लागतो. याहून नीट मला सांगता येत नाही, ते बोटांनाच कळतं.

पाण्याचं तापमान १८ अंशांवरून १३ अंशांपर्यंत उतरतं, ते आठवडे मला सर्वांत प्रिय. पाणी फार गार नसतं आणि थंडीआधी मासा पोटभर खात असतो. तरी अंगात तरंगणारं जाकीट घालाच, होडीत एकटे असाल तर नक्कीच. सोळा वर्षांच्या आणि त्यावरच्या माणसाला इथे परवानाही लागतो.

माझ्याकडे गेल्या नोव्हेंबरात एक दीड किलोचा स्पॉटेड बास आला, पडलेल्या ओकच्या फांद्यांतून. हात ओले करून, खालच्या जबड्यात अंगठा घालून मी त्याला उचललं. दात पॉलिशपेपरसारखे, अंगठ्याची साल दोन दिवस खरखरीत राहिली. पाठ हिरवी, बाजूला गडद ठिपक्यांची रांग, कल्ले संथ उघडमिट करत होते. गळ काढला आणि पाण्यात धरून ठेवलं. शेपूट एकदा हललं आणि तो गेला. मासा परत सोडायची रीत इथे चांगली रुजली आहे. बास गरवण्याच्या स्पर्धा भरवणारे रे स्कॉट यांनी १९७२ पासून आपल्या स्पर्धांत ती आणली.

त्या संध्याकाळी आईला फोन केला. मासळीशिवाय जिचं जेवण होत नाही ती माझी आई. फोटो बघून म्हणाली, "येवढो मोठो मासो, नि सोडून दिलंस?" मी हो म्हटलं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग विचारलं, "मगे गेलो खंय तो?"

"त्याच झाडाखाली," मी म्हटलं.