चार भिंतीपर्यंत

हे जे मफलर गुंडाळून पुढं पुढं चाललेत ना, ते आमचे आण्णा. वय 58, गाव सातारा, वेळ सकाळची सव्वासहा, आणि हा रस्ता अजिंक्यतारा किल्ल्याच्या उतारावरचा, चार भिंती नावाच्या जागेकडं जाणारा. दीड वर्षापूर्वी हाच माणूस घरातला जिना चढायला घाबरत होता.

झालं असं की छातीत जड वाटायला लागलं, आण्णा म्हणाले पित्त आहे, दोन दिवस सोडा नि लिंबू चाललं, तिसऱ्या दिवशी घामानं बनियन भिजलं तेव्हा कुठं दवाखाना. ईसीजी, मग अँजिओग्राफी, हृदयाच्या रक्तवाहिनीत ब्लॉक निघाला. मनगटातून तार घालून फुगा फुगवला, स्टेंट म्हणजे जाळीची बारीक नळी बसवली, चौथ्या दिवशी घरी. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाचं एकच, सुटलात बुवा, आता टेन्शन नाही.

घोळ इथंच होतो. स्टेंटनं एका जागची वाट मोकळी केली, पण तंबाखू, बीपी, कोलेस्टेरॉल, दिवसभर बसून राहणं, हे सगळं आण्णांबरोबर रिक्षात बसून घरी परत आलं. 2004 साली 52 देशांतला इंटरहार्ट नावाचा मोठा अभ्यास छापून आला, त्यात पहिल्या अटॅकचा साधारण 90 टक्के धोका नऊ गोष्टींत सापडला, सगळ्या आटोक्यात आणता येण्यासारख्या. मी हे वाचून दाखवलं तर आण्णा म्हणाले, नवातल्या माझ्यात किती? मोजल्या. सहा. मग जेवण होईपर्यंत कोणी काही बोललं नाही.

सगळ्यात अवघड गेलं ते चालणं. डॉक्टर म्हणत होते चाला, आणि आण्णा महिनाभर खुर्चीत, हात छातीवर. जरा धडधडलं की झालं, आता अटॅक परत आलाच. शेवटी डॉक्टरांनी सोपं करून सांगितलं, पाच मिनिटं चाला, चालताना गप्पा मारता आल्या पाहिजेत, दम लागून बोलणं तुटलं की वेग कमी करा, छातीत दुखलं तर थांबायचं आणि आम्हाला कळवायचं. म्हणून आई बरोबर जायला लागली, बोलायला कोणीतरी हवं ना! पहिल्या दिवशी कोपऱ्यावरच्या गिरणीपर्यंत गेले. आई सांगते, सगळी वाट फक्त लाइटबिलावर बोलत होते.

आईचं वेगळंच. मीठ दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक चमचा, आणि त्यात लोणचं पापडही आलं, हे ऐकून तिनं बरणीकडं असं बघितलं की जणू माहेरचं माणूस बाहेर काढायला सांगितलंय. चव लागत नाही म्हणून पहिले पंधरा दिवस भांडणं, मग लिंबू, लसूण, भाजलेलं जिरं यावर गाडी रुळली. कंदी पेढे घरात येतात अजून, पाहुण्यांसाठी, आणि आण्णा ते मोजतात हेही मी पाहिलंय.

राहिली तंबाखू. चाळीस वर्षांची सवय. धूर नाही म्हणजे हृदयाला काही नाही अशी समजूत, पण निकोटीन कसंही अंगात गेलं तरी ठोके वाढतात, नसा आवळतात. आण्णांनी चंची टाकली नाही, देव्हाऱ्यामागं ठेवली. ती तिथं आहे एवढ्यावर तीन आठवडे काढले. नंतर एका लग्नात जुन्या मित्रानं मळून तळहात पुढं केला, घे की चिमूटभर, डॉक्टर कुठं बघतोय. आण्णा म्हणाले, डॉक्टरनं नाही, मीच बंद केलीय. मित्र जरा रागावला, खरं सांगायचं तर अजून नीट बोलत नाही.

बघा, पोचले चार भिंतीवर. खाली अख्खं सातारा दिसतंय, आई मागून येतेय. चंची असायची त्या खिशात आता फुटाणे असतात, आणि जिभेखाली ठेवायच्या गोळीची पट्टी. मी विचारलं, आण्णा, बोला काहीतरी. तर फुटाणे पुढं करून म्हणाले, कॅमेरा ठेव आणि तू किती चाललास ते सांग, तुलाच दम लागलाय.