संध्याकाळी सहा वाजता घरात कोण असतं?

नमस्कार श्रोतेहो.

दोन वर्षांखालच्या मुलाला स्क्रीन मुळीच नको आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी फार तर एक तास, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली सांगितलं. आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं म्हणणंही जवळपास हेच आहे. लांबच्या आजी-आजोबांशी अधूनमधून व्हिडिओ कॉल तेवढा त्यांना चालतो. सल्ला अगदी रास्त आहे. बाळानं 'बा' म्हटलं की कुणीतरी हसून ओ द्यावी लागते, तशीच भाषा येते. मोबाइलवरचं गाणं ओ देत नाही.

मी बालवाडीत शिकवते. पालकसभेत हे सांगितलं की सगळ्या माना डोलावतात. खरं बोलणं होतं ते सभा सुटल्यावर, दाराशी. तिथं मला कळत गेलं की मुलाच्या हातात फोन किती वेळ राहणार, हे आईबापांच्या निर्धारापेक्षा घराची घडीच जास्त ठरवते.

नायगाव-वरळीच्या जुन्या बीडीडी चाळींतली खोली १६० चौरस फुटांची. त्यात स्वयंपाक, अभ्यास, पाहुणे, झोप आणि एकच टीव्ही. अशा घरात मुलाचा टीव्ही बंद करायचा म्हणजे आजींची मालिकाही बंद. दिवसभर नातवाला सांभाळणाऱ्या सासूबाईंना हे सुनेनं कोणत्या तोंडानं सांगायचं? 'मुलाला शिस्त लावा' म्हणणं आपल्याला सोपं आहे.

दुसरं घर रिक्षावाल्या बापाचं. फोनवर त्याची भाडी येतात, त्यामुळे तो दिवसभर त्याच्याजवळच. रात्री दहाला बाबा आले की लेकरू आधी फोनवर झडप घालतं. तासांचा हिशेब केला तर मर्यादा पाळली जातेय, पण तो सगळा वेळ नेमका झोपेच्या आधीचा. झोप लांबते आणि सकाळी बालवाडीत मूल पेंगतं. इथं मी 'फोन कमी करा' म्हणत नाही. 'आल्यावर आधी दहा मिनिटं तुम्ही खेळा, फोन चार्जिंगला उंच फळीवर ठेवा' एवढंच सुचवते.

आणि टॉवरमधलं घर? तिथं आईबाबांचा नियम कडक असतो, पण दोघं ऑफिसात. नियम पाळायचा मुलाला सांभाळणाऱ्या ताईनं. त्याच ताईनं पोळ्याही लाटायच्या, मूल रडता कामा नये, आणि तिचं स्वतःचं मूल त्या वेळी शेजारणीकडे, फोनसमोर. हे मला फार लागतं.

म्हणून माझा पहिला प्रश्न आता 'किती वेळ बघतो?' हा नसतो. 'संध्याकाळी सहा वाजता घरात कोण असतं?' असं मी विचारते. आई बदलापूर लोकलमध्ये उभी असेल, तर त्या वेळेचे नियम तिच्यावर लादून काय उपयोग? जी वेळ तिच्या हातात आहे, ती धरावी. बहुतेक घरांत ती जेवणाची असते. वरणभात फोनशिवाय भरवायचा, सांडला तरी चालेल. पुढ्यात मटार सोलायला दिले तर तीन वर्षांचं पोर बराच वेळ रमतं, निम्मे खातं, खाऊ द्या.

पण सगळा भार आईच्या पदरात टाकू नये. २०१७ च्या मातृत्व लाभ कायद्यातल्या दुरुस्तीनं ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केली. तुमच्या ऑफिसात ती आहे का, विचारा. एकटीनं नको, चौघींनी मिळून विचारा, बाबांनीही विचारा. आणि ज्या चाळीत, सोसायटीत गणपती बसवायला हॉल आहे, तिथल्या कार्यकारिणीला माझी हात जोडून विनंती आहे: पावसाळ्यात मुलांना खेळायला कुठंच जागा नसते. तो हॉल संध्याकाळी सहा ते आठ लहान मुलांसाठी उघडा ठेवा. एक सतरंजी, थोडे ठोकळे आणि आळीपाळीनं बसणारी दोन मोठी माणसं, एवढ्यावर सुरुवात होते.

नमस्कार.