थर्मोस्टॅट काढलेली गाडी आणि डिझेलचा हिशेब

(खंडेनवमीनिमित्त ट्रक मालक-चालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्षमहाराज आणि मित्रहो,

निमंत्रणपत्रिकेवर माझा विषय ‘घरच्या घरी इंजिनची देखभाल करून ट्रकचे ॲव्हरेज कसे वाढवावे’ असा छापला आहे आणि त्याखाली एअर फिल्टरपासून टायरमधल्या हवेपर्यंत बाबींची यादीही दिली आहे. त्या यादीकडे मी येणारच आहे. परंतु आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा ट्रेड शिकवताना पोरांशी आणि निवृत्तीनंतर गॅरेजवाल्यांशी ज्या एका गोष्टीवरून मी सतत भांडत आलो, ती आज, हत्यारांची आणि गाड्यांची पूजा आटोपून एवढे मालक-चालक एका मांडवाखाली बसलेले असताना, मांडल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. ती गोष्ट म्हणजे थर्मोस्टॅट : इंजिनातून रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याच्या वाटेवरची, तापमानानुसार उघडणारी झडप. बाहेर उभ्या असलेल्या जुन्या गाड्यांपैकी कितींमध्ये तो जागेवर आहे, हे मी विचारत नाही, कारण पूजेच्या दिवशी कुणाला खोटे बोलायला लावणे बरे नव्हे.

लिटरभर डिझेल जाळल्यावर त्यातली साधारण ४० टक्के ऊर्जा, तीही चांगल्या इंजिनात आणि योग्य लोडवर, क्रँकपर्यंत, म्हणजे पिस्टनच्या जोराने फिरणाऱ्या दांड्यापर्यंत, पोहोचते; उरलेली धुरावाटे आणि रेडिएटरच्या पाण्यावाटे निघून जाते. मग इंजिन जितके थंड तितके चांगले, ही समजूत कुठून आली, ते मला कळलेले नाही. लायनरची, म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो त्या नळीची, भिंत थंड असली, तर जळत्या वायूची उष्णता पिस्टन ढकलण्याऐवजी भिंतीत शिरते, ऑइल जाड राहून घर्षण वाढवते आणि अर्धवट जळलेले डिझेल लायनरवरून ओघळत खाली ऑइलमध्ये मिसळते. तापलेला नसेल तर तव्यावर भाकरी चिकटते, फुगत नाही, आणि लाकडे मात्र जळत राहतात. इंजिनचेही तसेच आहे. थर्मोस्टॅटचे काम एवढेच, की इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ द्यायचे नाही. बहुतेक ट्रकांत तो ८० ते ८५ अंशांच्या आसपास उघडू लागतो आणि ९५ च्या सुमारास पूर्ण उघडतो.

आता एक हकीकत सांगतो. निफाडकडचे एक मालक-चालक लासलगावचा कांदा न्हावा शेवा बंदराकडे नेत आणि परतीला कळंबोलीहून लोखंड भरत. एका मे महिन्यात, भरलेल्या गाडीने कसारा घाट चढताना पाणी उकळले. घाटमाथ्यावर भेटलेल्या मिस्त्रीने थर्मोस्टॅट उपटून त्यांच्या हातात ठेवला आणि “आता निर्धास्त जा” असे सांगितले. तापमानाचा काटा पुढे कधी मध्यावर आला नाही, म्हणून मालक खूश होते; ॲव्हरेज मात्र हळूहळू उतरू लागले. त्यांनी आधी पंपवाल्यावर संशय घेतला, डिझेल भरायचे पंप बदलले, मग इंजिनवरच्या डिझेल पंपाचे कॅलिब्रेशन करून घेतले, नोझल टेस्ट करून घेतले, आणि एवढा खर्च करूनही पुढच्या उन्हाळ्यात गाडी त्याच घाटात पुन्हा तापली. तेव्हा ते आमच्या वर्कशॉपमध्ये आले आणि पहिले वाक्य बोलले ते असे : “सर, इंजिन थंड असूनही गाडी तापते, हे भूत आहे की काय?”

भूत नव्हते. ऑइल मोजायची डिपस्टिक काढली, तर ऑइलला डिझेलचा वास येत होता. ऑइल भरायच्या झाकणाच्या आतल्या बाजूला सायीसारखा चिकट थर जमला होता. आणि इंटरकूलर (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या टर्बोची हवा थंड करणारी पुढची जाळी) व रेडिएटर यांच्या मधल्या फटीत बॅटरीचा प्रकाश टाकला, तर तिथे चिखलात रुतून बसलेल्या कांद्याच्या टरफलांची अक्षरशः गादी झालेली होती. मार्केट यार्डात उडणारी टरफले इंटरकूलरच्या कडेने आत ओढली जातात आणि तिथेच अडकतात. समोरून पाहिले तर जाळी स्वच्छ दिसते. पहिल्यांदा घाटात गाडी तापली ती त्या टरफलांमुळे, आणि शिक्षा झाली थर्मोस्टॅटला! त्यातही गंमत अशी, की पुष्कळ इंजिनांत थर्मोस्टॅट पूर्ण उघडला की त्याचीच खालची चकती बायपासची वाट बंद करते. थर्मोस्टॅट काढला की ती वाट कायमची उघडी राहते आणि काही गरम पाणी रेडिएटरला न भेटताच इंजिनात परत फिरते. म्हणजे सपाटीवर इंजिन गरजेपेक्षा थंड आणि घाटात गरजेपेक्षा गरम, असे दुहेरी नुकसान पदरी पडते.

त्यांचा जुना थर्मोस्टॅट सीटखालच्या पेटीत पडून होता. तो कसा तपासायचा ते लक्षात घ्या, कारण त्याला कोणतेही मशीन लागत नाही. कॅन्टीनमधून एक पातेले आणले, पाणी स्टोव्हवर ठेवले, थर्मोस्टॅट बुडाला टेकू नये म्हणून दोऱ्याने टांगला आणि शेजारी थर्मामीटर सोडला. थर्मोस्टॅटच्या कडेवर आकडा कोरलेला असतो; त्याच्यावर ८२ होता. बरोबर त्याच सुमारास पितळी चकती हलली, आतले मेण प्रसरण पावू लागले, आणि पाणी उकळू लागेपर्यंत तिने बोटाच्या रुंदीच्या निम्म्याहून अधिक तोंड उघडले. बिचाऱ्यात कसलाच दोष नव्हता. नवे गॅस्केट लावून तोच परत बसवला आणि दोन्ही जाळ्या वेगळ्या करून धुतल्या.

तापण्याची हीच धास्ती पंख्यावरही निघते. व्हिस्कस फॅनच्या तोंडाशी असलेली धातूची पट्टी रेडिएटरमधून येणारी हवा गरम झाली की वळते, आतले सिलिकॉन तेल फिरू लागते आणि तेव्हाच पंखा जोर धरतो. आमचे मिस्त्री काय करतात, तर बोल्ट मारून तो कायमचा जाम करतात. पंख्याचा वेग दुप्पट झाला की त्याला लागणारी ताकद आठपट होते, हा नियम आहे. म्हणजे डिसेंबरातल्या पहाटे सपाट रस्त्यावर, जिथे समोरून येणारा वारा पुरेसा आहे, तिथेही तो पंखा डिझेल खात बसतो. इंजिन बंद असताना पंखा हाताने फिरवून पाहा : गाडी थंड असताना तो थोडा अडून फिरला पाहिजे, गरम असताना अधिक अडला पाहिजे. गाडी सुरू केल्यापासून बंद करेपर्यंत पंखा सारखा घोंगावत असेल, तर तो जाम आहे किंवा जाम केलेला आहे.

खरोखरच गाडी तापत असेल, तर आधी जाळ्या पाहा, बेल्टचा ताण पाहा आणि रेडिएटरची टोपी बदला. ती टोपी पाण्यावर दाब ठेवते, म्हणून ते १०० अंशांना उकळत नाही. सैल टोपी ही घाटातल्या निम्म्या वाफेची मालकीण असते. बोअरचे पाणी टाकू नका, त्यातले क्षार वॉटर जॅकेटमध्ये, म्हणजे इंजिनातल्या पाण्याच्या वाटांत, थर धरतात. आणि आजचे झेंडूचे तोरण उद्या सकाळी समोरच्या जाळीवरून उतरवून ठेवा. देवी रागावणार नाही, रेडिएटर मात्र रागावतो.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे आणि तिच्यावर दहा मिनिटे लिहिलेले आहे, तेव्हा छापील यादी आता घाईने उरकतो.

हवा. एक लिटर डिझेल पुरते जळायला सुमारे १२ किलो, म्हणजे जवळपास दहा हजार लिटर हवा लागते, आणि प्रत्यक्षात इंजिन त्याहून जास्त ओढते. म्हणून फिल्टरवरचे इंडिकेटर लाल झाले की एलिमेंट बदला. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने पूर्ण दाबाने फुंकू नका, कागद फाटतो आणि धूळ थेट टर्बोत जाते. फुंकायचेच तर कमी दाबाने, आतून बाहेर. आतला सेफ्टी एलिमेंट कधीच फुंकायचा नाही, तो बदलायचा. टर्बो ते इंटरकूलर या होज पाइपांच्या क्लॅम्पजवळ तेलकट धूळ दिसली, तर साबणाचे पाणी लावून क्लीनरला रेस वाढवायला सांगा. बुडबुडे आले की काळ्या धुराचे कारण सापडले.

डिझेल आणि ऑइल. सकाळी स्टार्ट मारण्यापूर्वी डिझेलमधले पाणी वेगळे करणाऱ्या वॉटर सेपरेटरचा नळ सोडा आणि स्वच्छ डिझेल येईपर्यंत सोडलेला ठेवा. ऑइल डिपस्टिकच्या वरच्या खुणेपलीकडे भरू नका. बीएस-६, म्हणजे प्रदूषणाच्या नव्या मानकाच्या, गाडीत कंपनीने सांगितलेलेच, सहसा सीके-४ दर्जाचे, कमी राखेचे ऑइल घाला, कारण राख डीपीएफमध्ये, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये, साठते आणि ती जळून जात नाही. याच गाड्यांत थर्मोस्टॅट नसेल तर डीपीएफचे रिजनरेशनही, म्हणजे साठलेली काजळी जाळून टाकणेही, नीट होत नाही, हे जाता जाता. डिझेलच्या पाइपाला बांधायचे चुंबक ज्यांनी घेतले आहेत, त्यांनी ते घरी फ्रिजच्या दारावर लावावेत.

जुन्या इंजिनाचे टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, इंजिनवरच्या पट्टीवर दिलेल्या मापाने, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घेऊन, थंड असताना सेट करता येतात. टायरची हवा खेप सुरू होण्यापूर्वी, टायर थंड असताना पाहा. गाडी थांबल्यावर प्रत्येक हबजवळ हात नेऊन पाहा. एकच हब जास्त तापलेला असेल, तर ब्रेक चिकटतो आहे.

एक गोष्ट मात्र घरी करायची नाही. जुन्या पंपाच्या गाडीत कोणता सिलिंडर मारत नाही हे पाहायला आपण इंजिन चालू ठेवून नोझलचा पाइप सैल करत असू. नव्या गाड्यांतल्या कॉमन रेलमध्ये, म्हणजे सगळ्या नोझलना डिझेल पुरवणाऱ्या सामाईक नळीत, १,६०० बार आणि त्याहूनही अधिक दाब असतो. त्या दाबाने उडालेले डिझेल कातडीतून आत शिरते आणि बोट कापायची वेळ येऊ शकते. तिथे पाना लावायचा नाही.

राहिला हिशेब. टाकी एकाच पंपावर गळ्यापर्यंत भरा, किलोमीटर लिहा, पुन्हा तिथेच गळ्यापर्यंत भरा, आणि वहीत लोडही लिहा, नाहीतर रिकाम्या खेपेचे ॲव्हरेज पाहून मिस्त्रीला बक्षीस दिले जाते. महिन्याला दहा हजार किलोमीटर चालणारी गाडी ४ ऐवजी ४.२ देऊ लागली, तर जवळपास १२० लिटर डिझेल वाचते. एका खेपेच्या आकड्यावर मत बनवू नका. वारा, घाट आणि कसाऱ्याचा ट्रॅफिक जॅम सगळे त्यात मिसळलेले असते. महिनाभराची बेरीज धरा.