जूनची पहिली हजेरी

आदरणीय फादर मॅनेजर, सर्व धर्मभगिनी, मुख्याध्यापक आणि माझ्या शिक्षक बंधुभगिनींनो,

शाळा उघडायला आता जेमतेम आठवडा उरला आहे. कौले चाळून झाली असतील, फळ्यांना नवा काळा रंग लागला असेल, तालुक्याहून आलेल्या पाठ्यपुस्तकांचे वर्गवार गठ्ठे बांधले गेले असतील आणि वेळापत्रकावरून शिक्षकदालनात थोडीफार ओढाताणही होऊन गेली असेल. या तयारीबद्दल मी तुम्हांला काही सांगावे अशी गरज नाही. वसई तालुक्यातल्या एका मराठी माध्यमाच्या कॅथलिक हायस्कुलात मी ३४ वर्षे शिकवले, त्यांतली शेवटची ९ वर्षे मुख्याध्यापक म्हणून काढली आणि या सगळ्या वर्षांनंतर मला फार आतून पटलेली एक गोष्ट तुमच्यापुढे ठेवायला मी आलो आहे. पहिल्या दिवशी वर्गशिक्षक मुलाचे नाव कसे घेतो, त्यावर त्या मुलाचे अख्खे वर्ष पुष्कळसे ठरते. आणि आपली शाळा कॅथलिक आहे म्हणजे नेमके काय आहे, हेही त्याच हजेरीत कळते.

हे मला कुणी शिकवले, ते आधी सांगतो. नोकरीचे माझे चौथे वर्ष होते आणि माझ्याकडे पाचवीची तुकडी होती. आपल्याकडे पाचवी म्हणजे हायस्कूलची पहिली पायरी. चर्चच्या आवारातल्या प्राथमिक शाळेतून, जिल्हा परिषदेच्या शाळांतून, कुठून कुठून आलेली मुले त्या एका खोलीत प्रथमच एकत्र बसतात. त्या दिवशी सकाळपासून पाऊस कोसळत होता. खिडक्यांच्या गजांना ओले रेनकोट लटकत होते, त्यांचे पाणी खालच्या बाकांवर ठिबकत होते आणि मुले आपापल्या खाकी कव्हर घातलेल्या वह्या छातीशी धरून बसली होती. मी हजेरी घेऊ लागलो. एका नावाला उत्तर आले नाही. मी ते तीनदा वाचले, तिसऱ्या वेळी जरा चढ्या आवाजात, आणि मग रकान्यात गैरहजेरीची खूण करून पुढे गेलो. हजेरी संपल्यावर डोकी मोजली, तर हजर मांडलेल्या मुलांपेक्षा वर्गात एक मूल जास्त भरले.

तो मुलगा भिंतीकडच्या शेवटच्या बाकावर होता. नाव विचारल्यावर त्याने घरात हाक मारतात ते नाव सांगितले. मी ज्याला तीनदा पुकारले ते त्याचे बाप्तिस्म्याच्या दाखल्यावरचे पूर्ण नाव होते, आधी संताचे, मग धर्मपित्याचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव. घरी, वाडीत, एवढेच काय प्राथमिक शाळेतल्या बाईंच्या तोंडीसुद्धा त्याचे लाडाचे नावच होते. हे लांबलचक नाव तो महिन्याचा असताना पाद्र्यांनी त्याच्या डोक्यावर पाणी ओतताना घेतले असेल तेवढेच. तो मला म्हणाला, "सर, मला वाटलं तो दुसरा कोणीतरी." मूल माझ्यासमोर बसले होते आणि मी त्याला गैरहजर मांडले होते. ती खूण मी पुसली. पण हजेरीपुस्तकात खाडाखोड दिसायची ती दिसलीच, आणि वर्षभर दर महिन्याच्या बेरजेला ते पान उघडले की माझी नजर तिथे जाई.

वसईत नावांचा हा गुंता आपल्या इतिहासातून आला आहे. १५३४ पासून १७३९ पर्यंत इथे पोर्तुगीजांचा अंमल होता; त्या काळात बाप्तिस्म्याबरोबर आलेली आडनावे आपण पुढे पिढ्यान्‌पिढ्या चालवली, आणि घरातली बोली मात्र आपली आपल्यापाशीच राहिली. कुणाच्या घरी कादोडी, कुणाच्या घरी वाडवळी, समुद्राकाठी कोळी बोली. मूल घरी एक भाषा बोलते, चर्चमध्ये आणि शाळेत प्रमाण मराठी ऐकते, आणि आईवडिलांच्या डोळ्यांपुढे इंग्रजी असते. तीन भाषांत त्याच्या नावाचे तीन उच्चार होतात. त्यात आता कागदपत्रांची भर पडली आहे. डी'सोझासारख्या आडनावातल्या 'डी'नंतरचा स्वल्पविरामासारखा तो छोटा टिंबवजा फराटा चर्चच्या नोंदवहीत असतो, शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये, म्हणजे प्रवेशाच्या नोंदवहीत, कधी असतो कधी नसतो, आणि आधार कार्डावर त्याच्या जागी नुसती मोकळी जागा असते किंवा दोन्ही अक्षरे जोडलेली असतात. संगणकाच्या लेखी ही तीन वेगळी माणसे होतात.

आमच्या शाळेची एक माजी विद्यार्थिनी परिचारिकेच्या नोकरीसाठी परदेशी निघाली होती. दहावीच्या प्रमाणपत्रावर आणि बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर आडनाव वेगवेगळे लिहिलेले निघाले आणि तिचे कागद एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात कित्येक महिने फिरत राहिले. ती दाखला घेऊन माझ्याकडे आली तेव्हा मी जुने जनरल रजिस्टर काढले. पाचवीच्या प्रवेशाची ती नोंद माझ्याच अक्षरात होती. जून महिन्याच्या गर्दीत, समोर पालकांची रांग असताना, मी प्राथमिक शाळेचा दाखला समोर ठेवून नाव उतरवले होते आणि तिच्या आईला एकदाही वाचून दाखवले नव्हते. तुम्हां सर्वांना ठाऊक आहे की रजिस्टरातली नोंद शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीवाचून बदलता येत नाही आणि विद्यार्थी शाळा सोडून गेला की तो मार्ग आणखीच अवघड होतो. म्हणून माझी पहिली विनंती अगदी कारकुनी वाटेल अशी आहे. पाचवीच्या आणि नव्याने आलेल्या प्रत्येक मुलाची नोंद पालकाला समोर बसवून, मराठीत आणि इंग्रजीत, मोठ्याने वाचून दाखवा. आई असेल तर आईला दाखवा, कारण मुलाच्या नावाचा खरा उच्चार बहुधा तिच्याकडे असतो. हे काम एका मुलामागे पाच मिनिटांचे आहे.

आता शाळेच्या सुरुवातीच्या मिस्साविधीकडे, म्हणजे आपल्या सामूहिक उपासनेकडे, वळतो. वर्षारंभी पवित्र आत्म्याला आवाहन करणारी मिस्सा अर्पण करण्याची पद्धत आपल्याकडे जेझुइट धर्मगुरूंच्या शाळांमधून आली आणि ती फार जुनी आहे. त्या दिवशी आपण बुद्धी मागतो, समज मागतो, परीक्षेतले यशही मागतो. पण पवित्र आत्मा उतरला त्या पेंटेकॉस्टच्या दिवशी यरुशलेममध्ये काय घडले, ते बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात पुन्हा वाचावे. देशोदेशींचे लोक जमले होते, आणि ज्याला त्याला येशूच्या शिष्यांचे बोलणे आपापल्या भाषेत ऐकू येत होते. लोकांना आधी शिष्यांची गालीली बोली शिकून यायला कुणी सांगितले नाही. मला वाटते, शिक्षकाने त्या मिस्सेत मागायचे दान हेच आहे. कादोडीत विचार करणारे मूल प्रमाण मराठीत उत्तर देताना अडखळले, तर त्याला क्षणभर वाट पाहणारा आणि त्याच्या बोलीतला शब्द ऐकून घेणारा शिक्षक मिळावा. 'शुद्ध बोल' हे दोन शब्द जूनमध्ये उच्चारू नयेत. मुलाने तोंड उघडले तर शुद्ध बोलायला शिकवण्यासाठी पुढे अख्खे वर्ष आहे.

याच ठिकाणी आपल्या वर्गातल्या बिगरख्रिस्ती मुलांचा विचार यायला हवा. पूर्वी आमच्या तुकडीत ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असत. आज अनेक शाळांत त्यांची संख्या निम्म्याहून वर गेली आहे. त्यांत भंडारी, आगरी, आदिवासी घरांतली मुले आहेत, मुसलमान मुले आहेत, उत्तर भारतातून कामासाठी आलेल्या कुटुंबांची मुले आहेत. राज्यघटनेचे कलम ३० आपल्याला अल्पसंख्याक म्हणून शाळा चालवण्याचा हक्क देते, हे आपण सभांमधून नेहमी सांगतो. त्याच्या दोनच कलमे आधी, २८ (३) मध्ये, सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत कुणालाही त्याच्या, आणि तो अल्पवयीन असल्यास पालकाच्या, संमतीवाचून धार्मिक शिक्षणाला वा उपासनेला बसवता येणार नाही असे म्हटले आहे, तेही तितक्याच आग्रहाने सांगितले पाहिजे. भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने २०२४ मध्ये आपल्या शिक्षणसंस्थांना ज्या सूचना दिल्या, त्यांतही इतर धर्मांच्या विद्यार्थ्यांवर ख्रिस्ती परंपरा लादू नयेत आणि परिपाठात संविधानाची उद्देशिका म्हणावी, असे आहे. मला हे नियम बंधन वाटत नाहीत. धर्मशिक्षणाच्या तासाला कॅथलिक मुले एका वर्गात गेली की उरलेल्या मुलांचे काय होते, ते मात्र मला अस्वस्थ करते. बरेचदा त्यांना नुसते 'बसून वाचा' म्हणतात. मूल्यशिक्षणाच्या त्या तासाला तुमच्यातला सर्वांत चांगला शिक्षक द्या. त्या मुलांना शाळा आपली वाटते की पाहुणचाराची, हे त्या एका तासात ठरते.

कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी शिक्षणावर जे घोषणापत्र काढले, त्यात कॅथलिक शाळांनी विशेष काळजी कुणाची घ्यावी हे तीन शब्दगटांत सांगितले आहे. ज्यांच्याजवळ या जगातली संपत्ती नाही, ज्यांना घराची साथ आणि माया नाही, आणि ज्यांना श्रद्धेचे दान मिळालेले नाही. आपल्या तालुक्याच्या पूर्वेकडे आणि त्यापलीकडच्या डोंगरपट्ट्यात राहणारी वीटभट्टी कामगारांची मुले पाहिली, की हे तिन्ही शब्दगट मला आठवतात. दिवाळी झाली की ती कुटुंबे भट्ट्यांवर जातात आणि पाऊस जवळ आला की परततात. म्हणजे आपली शाळा सुरू होते तेव्हाच ते मूल गावात येते, बहुतेक वेळा दाखल्याशिवाय, मधले अर्धे वर्ष बुडवून. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्याने दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारू नये असे सांगितले. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हा कायदा अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना लागू होत नाही असा निर्णय दिला. तो निर्णय आपल्या स्वायत्ततेसाठी महत्त्वाचा होता. परंतु जूनच्या एखाद्या दुपारी डोक्यावर प्लास्टिकचा कागद घेतलेला बाप मुलाला घेऊन कार्यालयाच्या दारात उभा राहतो, तेव्हा त्याला परत पाठवण्यासाठी जर कुणी तो निर्णय वापरणार असेल, तर ती स्वायत्तता आपण कशासाठी मागितली होती, असे मला त्या शाळेला विचारावेसे वाटते.

मला माहीत आहे, यावर तुम्ही पटसंख्येचे बोलाल. सप्टेंबरअखेरचा पट, त्यात आधार जुळलेले किती, त्यावरून संचमान्यता, म्हणजे शिक्षकांच्या पदांची मंजुरी, आणि त्यातून अतिरिक्त ठरण्याची भीती. एप्रिल-मे महिन्यांत तुम्ही उन्हातान्हात वाड्यावाड्यांतून पाचवीसाठी मुले शोधत फिरता, हे मी जवळून पाहिले आहे, शेवटची काही वर्षे तुमच्याबरोबर फिरलोही आहे. मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवणाऱ्याला ही पायपीट चुकत नाही, आणि त्यात कमीपणा तर मुळीच नाही. त्या फिरण्यात जी एक गोष्ट हातून निसटते, तेवढी मी दाखवतो. मे महिन्यात आपण मुलाच्या घरी जातो, ओट्यावर बसतो, आजीच्या हातचे पाणी पितो, घरातली हाक ऐकतो. जूनमध्ये तेच मूल आपल्यासमोर येते आणि आपण त्याला हजेरी क्रमांकाने ओळखू लागतो. मे महिन्यातली ती ओळख एका वहीत टिपून वर्गशिक्षकाच्या हाती दिली, तर केवढे काम होईल! घरी कोणती बोली, हाक कोणती, आजारपण कुणाचे, सकाळी लवकर उठून मुलाला वाडीतली फुले किंवा भाजी काढायला लागते का, शाळेची वाट ओढ्यातून आहे का. यातले काहीही ऑनलाइन प्रपत्रात भरायचे नसते, म्हणून ते कुठेच राहत नाही.

आजची तारीख ८ जून आहे. १८६२ साली याच दिवशी पोप नववे पायस यांनी नागासाकीच्या हुतात्म्यांना संतपद दिले आणि त्यांत आपल्या वसईचे गोन्सालो गार्सिया होते. त्यांचा पुतळा, त्यांच्या नावाने असलेली चर्चे, ५ फेब्रुवारीचे त्यांचे हौतात्म्य हे सगळे आपल्याला पाठ आहे. मुलांना मात्र मी त्यांच्याबद्दल वेगळीच गोष्ट सांगत असे. वसईच्या किल्ल्यात जेझुइटांकडे शिकलेला हा मुलगा जपानला गेला आणि तिथल्या लोकांची भाषा इतकी चांगली शिकला, की पुढे फ्रान्सिस्कन बंधू झाल्यावर त्याच्याकडे दुभाष्याचे काम आले. युरोपातून आलेल्या पाद्र्यांचा शब्द जपानी माणसापर्यंत पोहोचायचा तो वसईच्या या माणसाच्या तोंडून. १५९७ मध्ये क्रुसावर जाईपर्यंत त्याने हेच केले. वसईच्या शाळेतल्या शिक्षकाला यापेक्षा जवळचा संत मला दुसरा माहीत नाही.

तेव्हा १५ जूनच्या सकाळसाठी माझे एवढेच मागणे आहे. त्या दिवशी पाचवीच्या वर्गशिक्षकाला पहिल्या दोन तासिका मोकळ्या द्या; प्रार्थना, पुस्तकवाटप, फोटो हे सगळे नंतर होऊ द्या. त्याने हजेरीपुस्तक उघडण्याआधी प्रत्येक बाकापाशी जावे आणि मुलालाच विचारावे, तुला घरी काय म्हणतात आणि इथे काय म्हणावे असे तुला वाटते. दोन्ही उत्तरे पेन्सिलीने नावापुढे लिहावीत. माझ्या त्या मुलाने पुढे बऱ्याच महिन्यांनी, नाताळच्या सुट्टीआधी, मला येऊन सांगितले होते, "सर, आता मोठं नाव चालेल."