रिसेप्शनवर काय शिकलात, ते नीट लिहा

मुलींनो, मुलांनो, तुमचे बायोडाटा मी वाचून आले आहे. दवाखान्यात, लॉजवर, क्लासमध्ये रिसेप्शन सांभाळलेले तुमच्यात बरेच आहेत आणि जवळपास सगळ्यांनी एवढंच लिहिलंय: 'रिसेप्शनिस्ट म्हणून काम केले.' मी याच शहरात हॉस्पिटलच्या काउंटरवर सुरुवात केली, आता माणसं नेमण्याचं काम करते. म्हणून सांगते, या ओळीनं तुमचं फार नुकसान होतं.

सोलापूरच्या काउंटरवर पंढरपूर, बार्शी, तुळजापूरचा पेशंट येतो, तसा कर्नाटकातल्या इंडी-विजयपूरचाही येतो. पूर्व भागातल्या आजी तेलुगूच बोलतात. 'बर्री, कुंदर्री', म्हणजे 'या, बसा', एवढं म्हटलं तरी घाबरून आलेला कानडी माणूस सैल होतो. आणि तुम्ही भाषांच्या रकान्यात मराठी, हिंदी, इंग्रजी लिहून थांबता! टॉवेलच्या कारखान्याच्या ऑफिसात, बँकेत, विम्याच्या कामात इथं याच दोन भाषा रोज लागतात. बोलता येतात ना? मग तसं लिहा.

आता फोन. इंडीहून फोन येतो, 'डॉक्टर हायेत का?' 'आहेत' म्हणून फोन ठेवला तर तो माणूस एसटीनं दुपारी पोचतो, जेवून आलेला असतो आणि उपाशीपोटीची रक्ततपासणी दुसऱ्या दिवसावर जाते. मुक्कामाचा खर्च, बुडालेली मजुरी, सगळं त्याच्या डोक्यावर. चांगली रिसेप्शनिस्ट उलट विचारते: पहिल्यांदा येताय का, जुने कागद आहेत का, परतीची गाडी किती वाजता? विचारलेल्या प्रश्नामागचा खरा प्रश्न ओळखणं हे मोठं कसब आहे. माल कधी निघणार म्हणून चिडून फोन करणाऱ्या व्यापाऱ्यालाही हेच लागतं: गोड बोलणं नव्हे, नेमकी वेळ आणि ती चुकणार असेल तर आपण होऊन केलेला फोन.

कागदपत्रांचं तर विचारूच नका. आज जी महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे, ती 2012 साली राजीव गांधी जीवनदायी या नावानं सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत सोलापूर होतं. योजनेचं काम आरोग्यमित्र बघतात, पण पेशंट पहिल्यांदा उभा राहतो तुमच्यासमोर. रेशनकार्डावर एक नाव, आधारवर दुसरं, आडनावाचं स्पेलिंग तिसरंच. ही तफावत ऑपरेशनच्या आदल्या रात्री सापडली तर घरच्यांची धावपळ होते. केसपेपर काढतानाच दिसली तर वेळ मिळतो. कागद हातात आला की आधी नाव आणि तारीख जुळवायची, ही नजर वर्षभर काउंटरवर बसल्याशिवाय येत नाही. क्लेम, कर्ज, ऑडिट, या सगळ्या खात्यांना ती हवी असते.

आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. ओपीडी गच्च भरलीय, नंबरावरून भांडणं चालू आहेत आणि कोपऱ्यात एक आजोबा गप्प बसलेत, कपाळावर घाम, हात छातीवर. ओरडणारा लक्ष वेधून घेतो, खरी गरज मात्र त्या गप्प माणसाला असते. रिसेप्शनिस्टनं निदान करायचं नसतं. उठून सिस्टरला हाक मारायची, आजोबांना आत पाठवायचं आणि बाकीच्यांना शांतपणे सांगायचं, 'यांना आधी घेतलंय, तुमचा नंबर तसाच आहे.' कशाला आधी हात घालायचा हे गर्दीत ठरवणं भल्याभल्या मॅनेजरांना जड जातं.

मग लिहायचं कसं? 'उत्तम संवादकौशल्य' खोडा, त्यातून काहीच कळत नाही. रोज साधारण किती पेशंट असायचे, किती डॉक्टरांच्या अपॉइंटमेंट तुमच्याकडे होत्या, रोकड तुम्ही मोजून देत होतात का, कॅशलेसचे कागद कोण पाठवायचं, हे लिहा. आकडे खरेच लिहा, मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला ते तपासले जातात. पेशंटचं नाव किंवा आजार उदाहरणादाखलसुद्धा सांगू नका. गुप्तता पाळता येते, हे समोरच्याला तिथंच कळतं.

नोकरी सोडताना अनुभवाचा दाखला मागाल, तेव्हा नुसतं पद आणि तारखा घेऊन निघू नका. बिलिंग, रोकड, विम्याचे कागद, जे केलंय ते त्यात लिहून मागा. मसुदा तुम्हीच टाइप करून न्या. मालकाला सही करायला सोपं जातं.